लॅपटॉप गेटबाहेर पडेपर्यंत: ठाणे–ऐरोली पट्ट्यातल्या ‘घरून कामा’ची पार्श्वभूमी

नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे या भागातल्या आयटी कंपन्यांत सध्या एकच वाद घोळतो आहे: आठवड्याचे किती दिवस ऑफिसात आणि किती घरी. नव्याने टीम सांभाळायला लागलेल्या मुलामुलींना वाटतं की हा वाद २०२० साली जन्मला. तो त्याहून बराच जुना आहे. काम नीट होतं की नाही, या प्रश्नाची पाळी त्यात फार उशिरा आली. आधी वर्षानुवर्षं मोजलं गेलं ते एवढंच, की माणूस कुठल्या खुर्चीत बसलाय आणि त्याचं मशीन कोणाच्या हद्दीत आहे. घरून काम करणारी टीम सांभाळताना आज ज्या अडचणी येतात, त्यातल्या बऱ्याचशा या मोजणीतून आलेल्या आहेत असं माझं मत आहे, म्हणून हे टिपण.

घर एका गावात आणि काम दुसऱ्या गावात, हे ठाण्याच्या अंगवळणी पडायला १८५३ साली सुरुवात झाली, बोरीबंदरहून पहिली आगगाडी इथे आली तेव्हा. पुढे वागळे इस्टेट आणि ठाणे–बेलापूर रस्त्यावरचे कारखाने उभे राहिले. भोंगा, पाळी आणि पंचिंग कार्ड आलं. तिथे हजेरी मोजणं रास्तच होतं. लेथ मशीन घरी नेता येत नाही, आणि पाळीतला एक माणूस कमी पडला की पुढच्याचं काम अडतं. १९७० साली खाडीपलीकडे नवी मुंबई हे नवं शहर वसवण्याचं काम हाती घेतलं गेलं ते मुंबईवरचा भार हलका करायला. त्यानंतर तीनच वर्षांनी, तेलटंचाईच्या सुमारास, अमेरिकेतल्या एका अभियंत्याने ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द काढला: माणसाला कामापर्यंत नेण्याऐवजी काम माणसापर्यंत न्यावं. दुखणं एकच होतं, उतारे दोन. आपण नोकऱ्या खाडीपलीकडे नेल्या, पण माणसं राहिली ठाण्यात, कळव्यात, डोंबिवलीत. २००४ मध्ये ठाणे–वाशी लोकल सुरू झाली तेव्हा त्यांचा प्रवास सोपा झाला. टळला मात्र नाही.

कॉल सेंटरच्या काळातला एक नियम इथे सांगायला हवा, कारण पुढच्या सगळ्या विचाराला वळण त्याने लावलं. १९९९ च्या दूरसंचार धोरणात ‘इतर सेवा पुरवठादार’ असा एक वर्ग होता. कॉल सेंटर त्यात मोडत, आणि त्यांना नोंदणी करावी लागे. २००८ च्या अटींमध्ये घरून कामाला परवानगी होती, पण त्यात घर हे घर राहत नव्हतं. घरी बसून फोन घेणारी व्यक्ती म्हणजे त्या कॉल सेंटरचीच लांबवर ठेवलेली एक जागा, अशी ती मांडणी होती. त्यासाठी दूरसंचार सेवा कंपनीकडूनच घेतलेली खासगी जोडणी लागे, आणि वर १ कोटी रुपयांची बँक हमी. एवढी रक्कम अडकवून चार जणींना घरी बसवायला कोण तयार होणार? कागदावर सोय होती, वापर जवळपास नव्हता. १३ मार्च २०२० ला ही हमी तात्पुरती माफ झाली. ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या अटींत नोंदणीच गेली आणि ‘कुठूनही काम’ हा शब्द आला. २३ जून २०२१ ला देशी आणि परदेशी कॉल सेंटरमधला भेदही संपला. बारा वर्षं जो धोका एक कोटीचा मानला गेला, त्याच्यासाठीच्या त्या हमीवाचूनही सगळं सुरळीत चाललं.

आता सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र. ऐरोलीतला वाद ज्याला समजून घ्यायचा आहे, त्याने इथे थोडं थांबावं.

सेझचा कायदा २००५ चा. तो आणि त्याचे नियम फेब्रुवारी २००६ पासून लागू झाले. सेझ म्हणजे भारतातलीच, पण सीमाशुल्कापुरती देशाबाहेरची मानलेली जमीन. तिथे येणारा संगणक, सर्व्हर, केबल, सगळं शुल्कमाफीने येतं. निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षं पूर्ण आणि पुढची पाच वर्षं निम्मी आयकर सवलत होती. सॉफ्टवेअर पार्कांची जुनी करसवलत मार्च २०११ मध्ये संपली आणि कंपन्यांची पावलं सेझकडे वळली. ऐरोलीतल्या काचेच्या इमारती भरल्या त्या बऱ्याच अंशी याच गणितावर.

या गणिताची किंमत कर्मचाऱ्याला गेटवर कळायची. मी ज्या इमारतीत आठ वर्षं काढली, तिथे लॅपटॉप बाहेर न्यायचा तर गेटवरच्या टेबलावर तो पालथा घालायचा. तळाच्या स्टिकरवरचा नंबर सुरक्षारक्षक बोटाने एकेक आकडा दाबत वाचायचे, रजिस्टरातल्या नोंदीशी ताडून बघायचे आणि मग पासवर शिक्का मारायचे. स्टिकर घासला गेला असेल तर पुन्हा वर जा, ॲडमिनकडून नवा कागद आणा. यात रक्षककाकांचा काही दोष नव्हता. त्यांच्या टेबलापाशी एक हद्द संपत होती आणि शुल्क न भरलेली वस्तू ती ओलांडत होती. पण रोज संध्याकाळी ही रांग पाहिलेल्या माणसाच्या मनात आपसूक ठसतं की काम आत असतं, बाहेर नसतं.

म्हणून मग खरा पेच उभा राहिला. डोंबिवलीच्या बेडरूममध्ये बसून लिहिलेला कोड सेझमधून निर्यात झाला म्हणायचं का? मार्च २०२० मध्ये याचं उत्तर शोधायला वेळ नव्हता. तात्पुरत्या परवानग्यांवर लॅपटॉप निघाले, डेस्कटॉपही निघाले. आमच्या टीममधल्या एकीचा मॉनिटर चादरीत गुंडाळून कंपनीच्या कॅबने दिवा गावी पोचवला होता, सीपीयू तिने स्वतः मांडीवर घेतला होता. नियम आला तो तब्बल दोन वर्षांनी. जुलै २०२२ मध्ये सेझच्या नियमांत ४३अ हे कलम घातलं गेलं. आयटी युनिटमधल्या, म्हणजे सेझमधल्या आयटी कंपनीच्या, कंत्राटी धरून, जास्तीत जास्त ५० टक्के कर्मचाऱ्यांना घरून काम. मुदत एक वर्ष, पुढे अर्ज केला तर वाढेल. सेझच्या विकास आयुक्तांना कारण नोंदवून ५० च्या वर परवानगी देता येईल. उपकरण आणि सुरक्षित जोडणी युनिटने द्यायची. आणि त्या बेडरूममधल्या कोडचा हिशेब कसा? कर्मचारी ज्या युनिटशी जोडलेला, त्याच युनिटच्या खात्यात निर्यातीची रक्कम दिसली पाहिजे. पेच सुटला तो या शेवटच्या वाक्याने. जागेऐवजी हिशेबाचा धागा धरला की प्रश्न सुटतो, हे त्यात स्पष्ट आहे.

मग ५० टक्के कशाला? हा आकडा कामाच्या स्वरूपावरून काढलेला नव्हता. सर्व्हर रूम सांभाळणाऱ्यांना घरी बसून भागत नाही; टेस्टिंगवाल्यांना भागतं. दोघांना एकच फूटपट्टी लावली की टीम लीडच्या हाती उरते ती नावांची वाटणी, आणि ती कधीच न्यायाची वाटत नाही. ज्याचं बाळ लहान, जिची सासू आजारी, जो रोज टिटवाळ्याहून येतो, त्यातलं कोण घरी आणि कोण ऑफिसात, हे मी त्या महिन्यांत ठरवत होतो. त्यातून दोन चांगली माणसं गमावली. उद्योगाकडून दबाव आल्यावर ८ डिसेंबर २०२२ ला हा नियम बदलला: सर्वच्या सर्व कर्मचाऱ्यांना मुभा, आयुक्तांना फक्त ईमेलने कळवायचं, मुदत ३१ डिसेंबर २०२३. ती संपायच्या आत २०२४ अखेरपर्यंत वाढवली गेली. म्हणजे पाचच महिन्यांत ५० चे १०० झाले.

दुसरी बाजूही आहे. इमारती रिकाम्या पडल्या की कँटीन, कॅबचालक, स्टेशनबाहेरचे वडापाववाले यांचं पोट मारलं जातं, आणि सेझ दिला गेला तो रोजगार यावा म्हणूनही. हे म्हणणं खरं आहे. पण त्याचा भार घरून नीट काम करणाऱ्या मुलीने रोज तीन तास प्रवास करून उचलावा, हे मला पटत नाही.

भाषेतही एक गुंता आहे. ‘वर्क फ्रॉम होम’ला आपण ‘घरून काम’ म्हणतो, आणि ‘घरकाम’ म्हणजे धुणीभांडी, स्वयंपाक. बाईच्या बाबतीत हे दोन शब्द एकाच ओट्यापाशी एकत्र येतात. २०१७ च्या प्रसूती लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा दिली आणि त्यानंतर, कामाचं स्वरूप तसं असेल तर, मालकाशी ठरवून घरून काम करण्याची तरतूद केली. तरतूद चांगली आहे. तिचा वापर करणाऱ्या बाईला मीटिंगमध्ये ‘आहेस ना?’ असं दर पाच मिनिटांनी विचारणं मात्र त्या जुन्या गेटवरच्या रजिस्टरचंच नवं रूप आहे.

टीम सांभाळण्याचा प्रश्न इथेच येऊन अडतो. मार्च २०२० नंतर आमच्यापैकी बहुतेकांनी भोंगा आणि पंचिंग कार्डच घरात आणलं: सकाळी नऊला कॅमेरा चालू, चॅटवरचा हिरवा ठिपका दिवसभर हिरवा, उत्तर दोन मिनिटांत. मीही तेच केलं. मला शहाणपण आलं ते सोमवार १२ ऑक्टोबर २०२० ला. सकाळी दहाच्या सुमारास कळवा–पडघा वाहिन्यांच्या बिघाडाने मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. आमच्या कॉलवर अकरा चौकोन होते. कळवा गेलं, मग ऐरोली, मग घोडबंदर. मोबाइलचं नेटवर्कही लडखडायला लागलं. शेवटी उरला तो साताऱ्याला गावी गेलेला एकटा. त्या दिवशी क्लायंटला द्यायचं काम त्याने एकट्याने पूर्ण केलं, कारण आदल्या संध्याकाळी एका सहकारी मुलीने कोण कुठवर आलंय, काय अडलंय, पुढची पायरी कोणती, हे सगळं शेअर्ड फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं. तिला ते करायला मी सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या टीममध्ये नऊचा कॉल बंद झाला आणि संध्याकाळचं लेखी हँडओव्हर सुरू झालं. आजही तेच चालू आहे.

या अनुभवाला पुष्टी देणारे आकडे बाहेरही आहेत. चीनमधल्या एका प्रवास कंपनीने कॉल सेंटरच्या स्वेच्छेने तयार झालेल्या कर्मचाऱ्यांना नऊ महिने, आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं. कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. पण तेवढंच चांगलं काम करूनही त्यांना बढती कमी मिळाली, आणि निवड करायला सांगितल्यावर सुमारे निम्मे ऑफिसात परतले. एकटेपणा हे त्यातलं मोठं कारण. त्याच कंपनीत नंतर १,६१२ जणांवर दुसरा प्रयोग झाला: दोन दिवस घरी, तीन दिवस ऑफिसात. नोकरी सोडण्याचं प्रमाण तिसऱ्या हिश्श्याने घटलं, कामगिरीत आणि बढतीत फरक पडला नाही. त्यातली सर्वांत मोलाची नोंद व्यवस्थापकांबद्दलची आहे. प्रयोगाआधी त्यांना वाटत होतं की उत्पादकता सरासरी २.६ टक्क्यांनी घसरेल. प्रयोगानंतर तेच म्हणाले की ती १ टक्क्याने वाढते.

इमारतींचा प्रश्न मात्र राहिलाच. रिकाम्या मजल्यांना भाडेकरू मिळेनात, म्हणून ६ डिसेंबर २०२३ ला सेझच्या नियमांत ११ब आलं. आधी घेतलेल्या करसवलती परत केल्या की आयटी सेझमधला पूर्ण मजला सवलतीच्या हद्दीबाहेर काढून सेझमध्ये नसलेल्या आयटी कंपनीला देता येतो. त्यामुळे ऐरोलीत आता एकाच लिफ्टने जाणारे दोन मजले दोन वेगळ्या हद्दींत असू शकतात. पाचव्यावरच्या मुलीच्या लॅपटॉपची गेटवर नोंद होते, सहाव्यावरच्या मुलाच्या होत नाही, आणि संध्याकाळी दोघंही एकाच गाडीने ठाण्याला उतरतात.