हसू घरात कधी आलं?

आमच्या आजीकडे 'बटाट्याची चाळ'ची कॅसेट होती. दुपारी तांदूळ निवडायला बसली की ती लावायची आणि वाक्य यायच्या आधीच हसायची. पदर तोंडाला, डोळ्यांत पाणी, ताटातले खडे तसेच. गिरगावात दोन खोल्यांत तिने चाळीस वर्षं काढली होती. त्या कॅसेटमध्ये तिला आपलेच शेजारी भेटत.

उपास, सामायिक नळ, गच्चीची किल्ली. असल्या गोष्टींवर पुस्तक होऊ शकतं, एवढंच नव्हे तर ते चांगलं साहित्य ठरू शकतं, हे मराठीत सहजासहजी मान्य झालेलं नाही. त्यामागे मोठा प्रवास आहे.

हसणं अर्थातच जुनं आहे. जात्यावरच्या ओव्यांत, लग्नातल्या उखाण्यांत, तमाशातल्या सोंगाड्याच्या बतावणीत ते होतंच. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडं रचली, ती याच बोलीत. 'रोडगा वाहीन तुला' मधली सून भवानीआईकडे काय मागते ते एकदा नीट ऐकावं. सासरा गावी गेलाय, त्याला तिकडेच खपव. सासू जाच करते, तिला निर्दाळ. जाऊ फडफडा बोलते, नणंदेचं पोर किरकिर करतं, त्याला खरूज होऊ दे. शेवटी सगळेच जाऊ देत, मला एकटीला राहू दे. कीर्तनकार त्याचा अर्थ परमार्थाकडे नेतात आणि तो तिथे आहेच. पण ऐकणाऱ्या बायका आधी हसतात ते सासूच्या ओळीवर. खऱ्या घरातली खरी कटकट देवीच्या पायाशी ठेवायची आणि तिच्यातूनच पलीकडचं काही दाखवायचं, हे एकनाथांना साधलं होतं.

लिखित साहित्यात मात्र विनोदाला बराच काळ मान नव्हता. समर्थांचं 'टवाळा आवडे विनोद' हे वचन मागचंपुढचं सोडून लोकांच्या तोंडी बसलं होतं. विनोद करणारा तो टवाळ, असा हिशेब.

तो मोडायला सुरुवात केली श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी. नागपुरात १८७१ साली जन्मलेले, वऱ्हाडात वकिली करणारे हे गृहस्थ. 'बहु असोत सुंदर संपन्न की महा' हे गीत त्यांचंच. १९०२ साली 'विविधज्ञानविस्तारा'त त्यांचा 'साक्षीदार' हा विनोदी लेख आला आणि पुढे 'सुदाम्याचे पोहे' या नावाने तो सगळा संच गाजला. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही त्रयी घेऊन कोल्हटकरांनी मुहूर्त, शकुन, शिमगा, लग्नातला मानपान यांच्यावर नेम धरला. नेम अचूक होता, पण बंदूक सुधारकाच्या हातात होती. रूढी हास्यास्पद आहेत हे पटवून देणं, हा त्या हसण्याचा हेतू. त्यांना गुरू मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनी 'बाळकराम' या टोपणनावाने तोच वसा पुढे नेला, अतिशयोक्ती आणि कोट्यांची आतषबाजी केली आणि १९१९ साली अवघ्या तेहतिसाव्या वर्षी ते गेले. या दोघांच्या लेखनात घर दिसतं, पण लेखक दारात उभा राहून आत बघतोय असं मला नेहमी वाटतं.

आत येऊन पाटावर बसले ते चिंतामण विनायक जोशी. या प्रवासातला खरा वळणाचा दगड मी चिं. वि. जोश्यांना मानतो. १८९२ साली पुण्यात जन्म, पालीचे अभ्यासक, बडोद्याच्या कॉलेजात प्राध्यापक. १९१६ साली त्यांचं पालीचं पाठ्यपुस्तक निघालं होतं. आयुष्यभर बौद्ध ग्रंथ वाचणाऱ्या या माणसाने 'एरंडाचे गुऱ्हाळ' आणि 'चिमणरावांचे चऱ्हाट' यांतून मराठीला चिमणराव दिला. पापभीरू, काटकुळा, नोकरीतल्या साहेबाला आणि घरच्या खर्चाला सारखाच दबकणारा. सोबत काऊ, मोरू, मैना ही मंडळी आणि धिप्पाड, रांगडा गुंड्याभाऊ.

इथे काय बदललं? गोष्ट सांगणारा स्वतःच चिमणराव आहे. फजिती त्याची, सांगणारा तोच. बहिणीच्या लग्नासाठी स्थळं शोधताना होणारी दमछाक आता समाजसुधारणेचा विषय म्हणून येत नाही, घरातल्या कर्त्या माणसाची दमछाक म्हणून येते. वाचणारा कारकून त्याला हसतो आणि हसता हसता आपल्या खिशातली पगाराची नोट चाचपतो. मराठी विनोदात करुणा शिरली ती या दारातून. पालीच्या व्यासंगाशी तिचा थेट धागा जोडण्याचा मोह मी आवरतो, पण माणसाच्या धडपडीकडे इतक्या सौम्यपणे पाहणारा लेखक जातककथांच्या सहवासात राहत होता, ही गोष्ट मला सुखावते.

१९४० साली मास्टर विनायकांनी चिमणराव-गुंड्याभाऊंवर 'लग्न पहावे करून' हा चित्रपट काढला आणि दामूअण्णा मालवणकर-विष्णुपंत जोग ही जोडी घराघरांत पोचली. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी तीच जोडी पुन्हा उभी केली. एका इमारतीत एकच टीव्ही आणि त्याच्यापुढे अख्खा मजला, असे ते दिवस.

चिं. विं.च्याच काळातल्या एका बाईचं नाव या इतिहासात बहुधा वेगळ्या रकान्यात टाकलं जातं, ते मला खटकतं. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला. वडिलांचं पराकोटीचं सोवळं, कवी नवऱ्याचा विक्षिप्तपणा, त्याच्या धर्मांतराने झालेली ताटातूट. यातलं प्रत्येक प्रकरण रडण्याचं आहे आणि बाई ते सांगताना हसवतात. शाळेत न गेलेल्या बाईची ती भाषा, माजघरात बसून बोलल्यासारखी. घरातला विनोद घरातूनच लिहिला गेला तर कसा दिसतो, हे त्यांनी चिं. विं.च्याच दशकात दाखवून दिलं.

मग चाळ. गिरण्यांसाठी आणि कचेऱ्यांसाठी मुंबईत आलेली माणसं राहणार कुठे? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चाळी उठल्या. १९२०च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळी तर २०७, वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक. अशा जागेत शेजाऱ्याचं भांडण, पाहुणा, पोराचा निकाल, काहीच झाकून राहत नाही. सगळ्यांचं सगळं सगळ्यांना माहीत असतं. विनोदाला यापेक्षा सुपीक जमीन कोणती?

पु. ल. देशपांड्यांचं 'बटाट्याची चाळ' १९५८ साली आलं. बाहेर संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तापलेली, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा गल्लीगल्लीत. पुलंनी तिचं 'गच्चीसह झालीच पाहिजे' केलं. मालकाने बंद केलेली गच्ची आणि ती मिळवायला निघालेले भाडेकरू. घोषणेची टिंगल त्यात नाही. ज्यांनी ती दिली त्यांनाच ते सर्वाधिक आवडलं, कारण वाळवणं, पतंग आणि उन्हाळ्यातली झोप यांसाठी लागणारी गच्ची त्यांना खरोखर हवी होती. पुढे पुलंनी चाळीचे एकपात्री प्रयोग केले. 'व्यक्ती आणि वल्ली' १९६२ सालचं, त्याला १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. टवाळ ठरलेला विनोद तिथे अधिकृतपणे पंक्तीत बसला.

ही पंगत बरीचशी पुण्या-मुंबईची आणि पांढरपेशांची होती, हे मात्र स्पष्ट म्हटलं पाहिजे. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनातून पार, चावडी आणि एस्टीचा थांबा व्यासपीठावर आणला, तेव्हा कुठे ती रुंदावली.

आता बीडीडी चाळी पाडून त्या जागी टॉवर उभे राहतायत, भाडेकरूंना पाचशे चौरस फुटांची घरं मिळतायत. आनंदाचीच गोष्ट आहे. आजीने अख्ख्या मजल्यात एका संडासासाठी रांग लावलेली आहे, तिला विचारलं असतं तर तिने आधी चावी घेतली असती.

तिच्या कॅसेटच्या शेवटी चाळीवरचं 'चिंतन' यायचं, थकलेल्या चाळीचा निरोप. तिथे ती हसत नसे. हात ताटात थांबायचे. टेप खट्‌कन बंद झाली की थोडा वेळ तशीच बसायची, मग म्हणायची, "उलटी घाल रे," आणि पुन्हा खडे वेचायला लागायची.