मोजक्या प्रकारचा विमा विकायचा असल्यास: पात्रता, कागदपत्रे आणि नियुक्तीची प्रक्रिया

केवळ जनावरांचा, पिकांचा, प्रवासाचा किंवा सायबर जोखमीचा विमा विकण्याचा छोटा व्यवसाय सुरू करू इच्छिणारे बहुतेक जण त्या प्रकाराचा वेगळा परवाना कुठे मिळतो, हे आधी विचारतात. असा वेगळा परवाना वैयक्तिक विमा प्रतिनिधीसाठी (एजंटसाठी) नसतो. विमा कायदा, 1938 च्या कलम 42 नुसार प्रतिनिधीची नेमणूक विमा कंपनी स्वतः करते, आणि त्या कंपनीकडे जी उत्पादने असतील तीच त्याला विकता येतात. त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी कंपनी निवडणे हेच खरे महत्त्वाचे काम आहे, आणि नेमके तेच घाईत उरकले जाते.

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या 2016 च्या नियमांप्रमाणे एका व्यक्तीला एक आयुर्विमा, एक सर्वसाधारण विमा आणि एक आरोग्य विमा कंपनी यांच्यासाठी काम करता येते. याखेरीज कृषी विमा किंवा निर्यात पतहमी (निर्यातदाराचे परदेशी ग्राहकाकडील पैसे बुडण्याच्या जोखमीचा विमा) यांसारखा एकच विशिष्ट व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांपैकी प्रत्येक प्रकारच्या एका कंपनीचे प्रतिनिधित्वही स्वीकारता येते. ज्याला शेतकऱ्यांमध्येच काम करायचे आहे, त्याच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे. मात्र एकाच प्रकारच्या दोन कंपन्यांची दरपत्रके ग्राहकापुढे ठेवण्याची मुभा त्यातून मिळत नाही. तसे करायचे असल्यास दलाल (ब्रोकर) किंवा संस्थात्मक प्रतिनिधी (कॉर्पोरेट एजंट) म्हणून प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते आणि तिथे भांडवलाची अट असल्याने छोट्या व्यावसायिकाला तो मार्ग सहसा पेलत नाही.

अर्जदार सज्ञान आणि किमान दहावी उत्तीर्ण असावा. अफरातफर, विश्वासघात, फसवणूक किंवा बनावट दस्तऐवज अशा गुन्ह्यांत दोषी ठरलेली व्यक्ती अपात्र ठरते. अर्ज नमुना १-अ मध्ये थेट कंपनीकडे करायचा असतो. आधीच एका कंपनीचे काम करणाऱ्याने दुसऱ्या प्रकारच्या कंपनीसाठी नमुना १-ब वापरावा. सोबत पॅन, दहावीचे प्रमाणपत्र, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, छायाचित्र आणि कमिशन जमा होण्यासाठी बँक खात्याचा तपशील लागतो. सर्व कागदांवर नाव एकसारखे आहे ना, हे आधीच पाहावे, कारण विवाहानंतर बदललेले आडनाव किंवा वडिलांच्या नावाचे वेगळे स्पेलिंग एवढ्यावरूनही अर्ज अडकून पडतो.

त्यानंतर भारतीय विमा संस्थेची परीक्षा द्यावी लागते. प्रथम नियुक्तीसाठी तिचे प्रमाणपत्र बारा महिनेच ग्राह्य धरले जाते, म्हणून कंपनी नक्की न करता परीक्षा उरकून ठेवण्यात फारसा अर्थ नाही. कंपनीचा नियुक्त अधिकारी अर्जदाराचे पॅन सध्याच्या प्रतिनिधींच्या आणि काळ्या यादीतील व्यक्तींच्या नोंदींशी ताडून पाहतो आणि समाधान झाल्यास सर्व कागदपत्रे मिळाल्यापासून पंधरा दिवसांत नियुक्ती करतो. नियुक्तीपत्रासोबत सांकेतिक क्रमांक आणि ओळखपत्र मिळते. नकार दिल्यास कंपनीने त्याची कारणे लेखी कळवणे बंधनकारक असून, त्याविरुद्ध कंपनीच्याच अपिलीय अधिकाऱ्याकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो.

व्यवसाय सुरू झाल्यावर दोन बाबींत चूक होते. ग्राहक टिकवण्यासाठी स्वतःच्या कमिशनमधील वाटा त्याला देणे कलम 41 नुसार निषिद्ध आहे, आणि रोख घेतलेला हप्ता सुट्ट्या वगळून चोवीस तासांच्या आत कंपनीकडे जमा करावा लागतो. पुढे त्याच प्रकारची दुसरी कंपनी अधिक सोयीची वाटल्यास आधी जुन्या कंपनीकडे नियुक्तीपत्र आणि ओळखपत्र परत करून काम थांबवल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते जोडल्याशिवाय नव्या कंपनीकडे अर्ज पुढे सरकत नाही.