वाकळीचे तुकडे आणि डोळ्यांपुढचं पाणी

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. गावभाग, मारुती चौक सगळं पाण्यात. माझ्या मावशीच्या घरातला गाळ उपसण्यातच पंधरवडा गेला. मग तिनं हाताला लागतील ती जुनी लुगडी, चादरी धुऊन वाळवली, शेजारच्या दोघी-तिघींना हाक मारली आणि वाकळ शिवायला बसली. मदतीत आलेली ब्लँकेटं कोपऱ्यात ढिगानं पडलेली. "मावशे, आता कशाला हा व्याप?" मी विचारलं. म्हणाली, "हात रिकामा ऱ्हायला की पाणीच दिसतंय बघ."

हे ‘पाणी दिसणं’ मानसशास्त्राला चांगलंच ठाऊक आहे. संकटातून गेलेल्या माणसाला एखादं दृश्य न बोलावता, पुन्हा पुन्हा, जसंच्या तसं दिसत राहतं. आठवण आपण काढतो. हे मात्र आपलं आपण येतं. ते येतं तेव्हा मेंदूतली एक जागा अडवतं. त्या क्षणी आपण मनात जे धरून ठेवतो, त्या स्मृतीला कार्यकारी स्मृती म्हणतात, आणि ती फार तोकडी असते. त्यातही चित्र, आकार, जागा यांचा कप्पा वेगळा आणि शब्दांचा वेगळा. मग चित्रांच्या कप्प्यात दुसरं काम घुसवलं तर?

एमिली होम्स या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये हे करून पाहिलं. लोकांना अपघात-मृत्यूची भीषण दृश्यं दाखवली आणि अर्ध्या तासानं काहींना टेट्रिस खेळायला दिलं. वरून पडणारे ठोकळे फिरवून खाचेत बसवायचे, तोच तो जुना खेळ. पुढच्या आठवड्यात टेट्रिसवाल्यांना ती दृश्यं कमी वेळा दिसली. काय पाहिलं होतं ते मात्र त्यांना इतरांइतकंच आठवत होतं. घटना लक्षात राहिली, तिचा छळ कमी झाला.

2015 चा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. या वेळी मध्ये एक दिवस जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी नुसतं टेट्रिस दिलं, उपयोग नाही. नुसती दृश्यांची आठवण करून दिली, तरी नाही. आधी आठवण जागी केली आणि मग खेळ दिला, तेव्हाच फरक पडला. वर काढलेली आठवण काही काळ कच्च्या मडक्यासारखी असते, पुन्हा पक्की होण्याआधी तिचा आकार बदलू शकतो, असं त्यामागचं स्पष्टीकरण आहे.

आता मावशीच्या ओसरीवर या. चौघीजणी पुराचंच बोलतायत. कुठल्या पायरीवर पाणी होतं, म्हैस कशी सोडली, बोट कधी आली. आणि हात? हात तुकडे फिरवून बघतायत, हा इथं बसतोय का, याचा काठ त्याला जुळतोय का. कापडाचं टेट्रिसच म्हणा की! वाकळीवर असा प्रयोग झालेला नाही आणि प्रयोगशाळेतली फिल्म म्हणजे महापूर नव्हे, त्यामुळे हे सिद्ध झालंय असं मी म्हणणार नाही. पण दोन्हींची बांधणी इतकी सारखी आहे की दुर्लक्ष करवत नाही.

शरीराच्या बाजूनंही थोडं हाती आहे. ताणात मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडतात. 2016 मध्ये गिरिजा कैमल यांच्या गटानं अमेरिकेत 39 जणांना पाऊण तास माती, रंगीत पेनं, चिकटकामाचे कागद देऊन हवं ते करू दिलं. सुमारे 75 टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल उतरलं. आधी कधी कुंचला धरला होता की नाही, यानं फरक पडला नाही. बातम्यांनी हा प्रयोग डोक्यावर घेतला. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि कॉर्टिसॉल दिवस चढेल तसं एरवीही उतरतंच. शिवाय उरलेल्यांचं काय, हे कुणी विचारत नाही. काहींचं वाढलंही होतं.

हातानं काही घडवत मन सावरायच्या या कल्पनेला ‘कलोपचार’ हे नाव मिळालं ते मात्र क्षयरोग्याच्या खाटेवर. इंग्रज चित्रकार एड्रियन हिल 1938 मध्ये क्षयासाठी आरोग्यधामात पडून होते. तिथं चित्रं काढता काढता त्यांनी इतर रुग्णांनाही नादी लावलं आणि 1942 मध्ये हा शब्द वापरला. वानलेसवाडीचं क्षयाचं रुग्णालय ठाऊक असलेल्या सांगली-मिरजकराला त्या खाटेवरचे लांबलचक महिने वेगळे सांगायला नकोत.

झोपच उडाली असेल, जगणं नकोसं झालं असेल, तर सुई-दोऱ्यावर भागवू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

मावशीच्या वाकळीत मधोमध एक पिवळा तुकडा आहे. त्यावरचा गाळाचा डाग तीनदा धुऊनही गेला नव्हता. शेजारीण म्हणाली होती, उलटा लाव. मावशीनं सुलटाच लावला. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा चढायला लागलं, तेव्हा कागदपत्रांच्या पिशवीबरोबर तिनं पहिली उचलली ती हीच वाकळ.