ओहायो स्टेट बकआईज: २०२० चा फुटबॉल सीझन

अमेरिकेतल्या कोलंबस शहरातल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचा हा कोविडमधला सीझन. टीमचं नाव बकआईज, हेड कोच रायन डे, तेव्हाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, जस्टिन फील्ड्स. फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकन फुटबॉल, लांबट बॉल हातात घेऊन पळायचा तो, मेस्सीवाला नाही. एकूण ८ मॅच खेळले, ७ जिंकल्या, १ हरली आणि ती नेमकी नॅशनल चॅम्पियनशिपची फायनल. न झालेल्या मॅच ३, आणि भांडणं त्यांच्यावरूनच जास्त झाली.

ओहायो स्टेट बिग टेन नावाच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात खेळणाऱ्या युनिव्हर्सिटींच्या गटात, खेळते. नावात टेन असलं तरी तेव्हा त्यात १४ युनिव्हर्सिटी होत्या, ते असो. ५ ऑगस्ट २०२० ला बिग टेनने १० मॅचचं टाइमटेबल काढलं आणि सहाच दिवसांनी, ११ ऑगस्टला, सगळा सीझन पुढे ढकलला. मोठी भीती होती कोविडनंतर हृदयाच्या स्नायूंना येणाऱ्या सुजेची, म्हणजे मायोकार्डायटिसची. पॅक-१२ कॉन्फरन्सनेही त्याच दिवशी तेच केलं, पण दक्षिणेतली एसईसी, शिवाय एसीसी आणि बिग १२ या कॉन्फरन्स थांबल्या नाहीत, आणि खरी ठिणगी तिथे पडली, कारण ते खेळणार आणि आपण घरी बसून बघणार हे कोलंबसमध्ये कुणाला पचणार? फील्ड्सने ऑनलाइन याचिका टाकली, तिच्यावर लाखो सह्या आल्या. बिग टेनमधल्याच नेब्रास्काचे ८ खेळाडू कोर्टात गेले. निवडणुकीचं वर्ष, त्यामुळे ट्रम्प यांनीही बिग टेनचे कमिशनर केविन वॉरन यांना फोन केला.

शेवटी १६ सप्टेंबरला बिग टेनने निर्णय फिरवला. अट अशी की रोज अँटिजेन टेस्ट, पॉझिटिव्ह आला तर हृदयाची तपासणी आणि किमान २१ दिवस मॅच नाही. तेव्हाच आयपीएल यूएईत बबलमध्ये चालू होणार होती, पण ते पगारी खेळाडू, हॉटेलात कोंडता येतात. हे कॉलेजचे विद्यार्थी, तेव्हा ना पगार ना बबल, त्यामुळे सगळी भिस्त टेस्टिंगवर.

आणि टाइमटेबल इतकं घट्ट की श्वास घ्यायला जागा नाही. २४ ऑक्टोबरपासून ८ आठवड्यांत ८ मॅच, मध्ये एकही मोकळा आठवडा नाही, म्हणजे एक मॅच गेली की गेलीच, नंतर भरून काढायची सोयच नाही. माझ्या मते पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ ऑगस्टमधल्या थांबण्यापेक्षा या टाइमटेबलमध्ये जास्त आहे.

सुरुवात झकास झाली. नेब्रास्काला ५२-१७, पेन स्टेटला ३८-२५, रटगर्सला ४९-२७. एरवी लाखभर लोक मावणाऱ्या ओहायो स्टेडियममध्ये सामान्य प्रेक्षकांना बंदी, तुरळक माणसं ती खेळाडूंच्या घरची. १४ नोव्हेंबरची मेरीलँडची मॅच मेरीलँडमधल्या केसेसमुळे रद्द. मग इंडियानाला ४२-३५ हरवलं, हीच मॅच पुढे कामी आली. २८ नोव्हेंबरची इलिनॉयची मॅच ओहायो स्टेटनेच रद्द केली कारण आता टीममध्येच केसेस वाढल्या आणि कोच डे स्वतः पॉझिटिव्ह. पुढच्या मॅचला ते घरी आणि असिस्टंट कोच लॅरी जॉन्सन मैदानावर, तरी मिशिगन स्टेटला ५२-१२ ने धुतलं.

१२ डिसेंबरला मिशिगनशी मॅच होती. या मॅचला तिकडे नुसतं ‘द गेम’ म्हणतात, कुठला ते सांगावं लागत नाही. मिशिगनमध्ये केसेस वाढल्या आणि तीही रद्द. १९१८ पासून ही मॅच दरवर्षी होत आलेली, आणि १९१८ म्हणजे स्पॅनिश फ्लूचं वर्ष बरं का, तेव्हाही ती कोलंबसमध्ये झाली होती, मिशिगन १४-० ने जिंकलं होतं.

आता ओहायो स्टेटच्या मॅच झाल्या ५ आणि नियम होता की कॉन्फरन्सच्या फायनलला किमान ६ हव्यात. ९ डिसेंबरला बिग टेनने नियमच काढून टाकला. ओहायो स्टेटच्याच विभागात दुसऱ्या नंबरवर असलेल्या इंडियानाचे लोक चिडले, चिडणारच, ऐन वेळी नियम बदलणं दिसतं वाईटच. पण ओहायो स्टेट मिशिगनशी हरली असती तरी इंडियानाला हरवलेलं असल्यामुळे तीच पुढे जाणार होती, त्यामुळे अन्याय झाला असं मला तरी वाटत नाही.

१९ डिसेंबरला इंडियानापोलिसमध्ये नॉर्थवेस्टर्नला २२-१० हरवलं, ट्रे सर्मन बॉल घेऊन एकटा ३३१ यार्ड पळाला, टीमचा रेकॉर्ड. तरीही ६ मॅचवाल्या टीमला नॅशनल चॅम्पियनशिपची सेमीफायनल कशी, हा वाद होताच, आणि क्लेम्सनचे कोच डॅबो स्विनी यांनी कोचेस पोलमध्ये, म्हणजे कोच मंडळींच्या मतांवरून ठरणाऱ्या रँकिंगमध्ये, ओहायो स्टेटला चक्क ११ वा नंबर दिला. सेमीफायनल नेमकी क्लेम्सनशीच! १ जानेवारी २०२१, न्यू ऑर्लिन्स, मॅचचं नाव शुगर बोल. फील्ड्सला बरगड्यांत जबर मार बसला तरी त्याने ६ टचडाउन पास टाकले (टचडाउन म्हणजे बॉल विरोधी टोकाच्या रेषेपलीकडे नेणं), स्कोअर ४९-२८.

११ जानेवारीला मायामी गार्डन्समध्ये फायनलला समोर अलाबामा. सर्मन सुरुवातीलाच जखमी होऊन बाहेर, अलाबामाच्या डेव्हॉन्टा स्मिथने हाफटाइमच्या आधीच ३ टचडाउन केले आणि मॅच ५२-२४ ने गेली. अलाबामाची ती १३ वी मॅच होती, ओहायो स्टेटची ८ वी.