बेरेग परगणा

बेरेग : हंगेरीच्या राज्यातील एक जुना परगणा. उत्तरेस कार्पेथियन पर्वतातील वेरेत्स्के खिंडीपासून दक्षिणेस तिसा नदीच्या सखल काठापर्यंत तो पसरलेला होता. १९१० च्या सुमारास त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३,८०० चौ. किमी. आणि लोकसंख्या सुमारे २ लाख ३६ हजार होती. कारभाराचे मुख्य ठाणे बेरेगसास (आजचे बेरेहोवे), तर वर्दळीचे मोठे शहर मुन्काच (आजचे मुकाचेवो). आज या मुलखाचा बहुतेक भाग युक्रेनच्या झाकारपात्या प्रांतात असून दक्षिणेकडील लहानसा तुकडा हंगेरीत आहे. २०२२ च्या युद्धारंभी युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारे अनेक भारतीय विद्यार्थी, त्यांत महाराष्ट्रातील मुलेही, चोप स्थानकावरून हंगेरीत उतरले. ते चोप या परगण्याच्या जुन्या पश्चिम शिवेपलीकडे लगेच लागते.

मध्ययुगाच्या आरंभी बेरेग म्हणजे राजाचे शिकारीचे जंगल होते. परगणा म्हणून त्याची घडी बसली ती तेराव्या शतकात. याच जंगलात २० ऑगस्ट १२३३ रोजी दुसऱ्या आंद्राश राजाने पोपच्या वकिलासमोर शपथ घेतली. चर्चला मिठाच्या उत्पन्नाची भरपाई देऊ आणि टांकसाळ व मिठाच्या खात्यात ज्यू व मुसलमान अधिकारी नेमणार नाही, असा तो करार होता. राजाने तो पुढे फारसा पाळला नाही. १२४१-४२ च्या मंगोल स्वारीत बेरेगसास उद्ध्वस्त झाले आणि ते जर्मन वसाहतवाल्यांच्या हातून पुन्हा उभे राहिले. डोंगराळ भागात रुथेनी या पूर्व स्लाव लोकांची वस्ती वाढत गेली. लिथुएनियाच्या राजघराण्यातील फ्योदोर कोर्यातोविच याला चौदाव्या शतकाच्या अखेरीस मुन्काचची जहागीर मिळाली आणि ही वस्ती त्यानेच एका दमात आणली, अशी आख्यायिका आहे. प्रत्यक्षात ती पिढ्यान्‌पिढ्या, खोऱ्याखोऱ्यांतून झिरपत आली असावी.

हंगेरीतील परगण्यावर राजाने नेमलेला प्रमुख असे, पण रोजचा कारभार स्थानिक सरदारांच्या सभेने निवडलेला उपप्रमुख पाही. कर, भरती, न्याय, रस्ते ही सारी कामे या सभेच्या हातात. त्यामुळे राजा कोणता यापेक्षा परगणा कोणता हेच सामान्य माणसाला अधिक जाणवे. बेरेगमध्ये मात्र तिसरी सत्ताही होती, ती म्हणजे मुन्काचची जहागीर. परगण्याचा फार मोठा भाग तिच्या ताब्यात असल्याने मुन्काचचा किल्ला ज्याचा, त्याचे बेरेगवर वजन.

१५२६ मध्ये मोहाच येथे तुर्कांकडून पराभव झाल्यावर हंगेरीची फाळणी झाली आणि बेरेग हाब्सबर्ग सम्राट व ट्रान्सिल्व्हेनियाचे राजे यांच्या ओढाताणीत सापडला. पूर्वेकडील जे सात परगणे ट्रान्सिल्व्हेनियाच्या गाबोर बेथलेनला १६२१ च्या तहात आणि पहिल्या ग्यॉर्ग राकोत्सीला १६४५ च्या लिन्त्स तहात तहहयात मिळाले, त्यांत बेरेग होता. धनी मेला की परगणा सम्राटाकडे परत, असा हा व्यवहार. सरहद्द बदलण्याची सवय या मुलखाला विसाव्या शतकात लागली असे मानले जाते, ते खरे नाही.

हाब्सबर्गविरोधी बंडाचा पुढारी इम्रे थोकोली याची पत्नी इलोना झ्रीनी हिने १६८५ पासून १६८८ च्या आरंभापर्यंत मुन्काचचा किल्ला सम्राटाच्या फौजेविरुद्ध लढवला. तेव्हा लहानगा फेरेन्त्स राकोत्सी, तिच्या पहिल्या लग्नाचा मुलगा, किल्ल्यातच होता. पुढे मे १७०३ मध्ये त्याच्या नावाचे निशाण याच परगण्यातील तार्पा, वारी आणि बेरेगसास येथे उभारले गेले आणि आठ वर्षांचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले. त्यात आघाडीवर असलेला तार्पाचा तामाश एसे हा मिठाचा व्यापार करणारा कुळ होता. बंड मोडल्यावर जहागीर जप्त झाली आणि १७२८ मध्ये ती शॉनबोर्न या जर्मन घराण्याला मिळाली. त्यांनी फ्रँकोनियातून शेतकरी आणून मुन्काचभोवती जर्मन गावे वसवली. किल्ल्याचा पुढे तुरुंग झाला.

१९१० च्या जनगणनेत परगण्यात सुमारे ४८ टक्के लोक मग्यार (हंगेरियन) भाषक, ४३ टक्के रुथेनी आणि ९ टक्के जर्मन नोंदले आहेत. हे आकडे जपून वाचावेत. जनगणनेत यिद्दिश या ज्यूंच्या भाषेला स्वतंत्र रकानाच नव्हता. त्यामुळे येथील मोठा ज्यू समाज मग्यार किंवा जर्मन म्हणून मोजला गेला. मुन्काच शहरात तर पुढे जवळजवळ निम्मी वस्ती ज्यूंची होती. ढोबळमानाने सखल भाग मग्यारांचा, डोंगर रुथेनींचा आणि दोहोंच्या सांध्यावरचा बाजार सर्वांचा. डोंगरातले लाकूड खाली यायचे आणि सपाटीवरचे धान्य वर जायचे. परगण्याला एकत्र धरणारी खरी दोरी हीच होती.

ती तुटली पहिल्या महायुद्धानंतर. डिसेंबर १९१८ मध्ये हंगेरीच्या नव्या सरकारने मुन्काच हे केंद्र धरून रुथेनींसाठी स्वायत्त प्रदेश जाहीर केला. तो कागदावरच राहिला. १९१९ मध्ये रुमानियन आणि चेकोस्लोव्हाक फौजा शिरल्या, आणि ४ जून १९२० च्या त्रियानों तहाने बेरेगचा बहुतांश भाग चेकोस्लोव्हाकियाला दिला. बेरेगसास आणि आसपासची गावे उघड उघड मग्यार असताना ती का गेली, याचे उत्तर लोकसंख्येत नसून रेल्वेच्या नकाशात आहे. चोपहून बात्यू, बेरेगसास, किरायहाझामार्गे पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग हा नव्या चेकोस्लोव्हाकियाला मित्रराष्ट्र रुमानियाशी जोडणारा सलग दुवा होता. तो हंगेरीच्या हाती राहू नये म्हणून सरहद्द रुळांच्या दक्षिणेने आखली गेली. रुळांवरची गावे रुळांबरोबर गेली.

हंगेरीकडे उरले ते तार्पा, वाशारोशनामेन्य आणि तिसाकाठची काही खेडी. त्यांना सात्मार आणि उगोचा या परगण्यांच्या उरलेल्या तुकड्यांशी जोडून १९२३ मध्ये एक परगणा केला गेला. ठाणे मातेसाल्का. त्याच्या अधिकृत नावातच तो ‘तूर्त’ एकत्र केला असल्याची नोंद होती, कारण त्रियानोंची सरहद्द कायमची मानायला बुडापेस्ट तयार नव्हते.

२ नोव्हेंबर १९३८ च्या पहिल्या व्हिएन्ना निवाड्याने जर्मनी व इटलीच्या परराष्ट्रमंत्र्यांनी बेरेगसास आणि मुन्काच हंगेरीला परत दिले. मार्च १९३९ मध्ये हंगेरीच्या फौजांनी वरचा डोंगराळ मुलूखही घेतला. आता तरी जुना बेरेग पुन्हा सांधला जाईल, असे वाटले असते. तसे झाले नाही. सपाटीवरचा मग्यार भाग परगणा झाला (आधी उगोचासह, १९४० पासून स्वतंत्र), आणि डोंगराळ रुथेनी भाग एका वेगळ्या आयुक्ताखाली ठेवून मुन्काचमध्ये त्याचे बेरेग नावाचेच दुसरे कार्यालय उघडले. या भागाला कबूल केलेली स्वायत्तता मिळालीच नाही. वीस वर्षे ज्या तुकड्यांची तक्रार केली, ते हाती आल्यावर सरकारने स्वतःच वेगळे ठेवले.

एप्रिल १९४४ मध्ये मुन्काच आणि बेरेगसास येथे घेट्टो उभारून मे महिन्यात परगण्यातील ज्यूंना आउश्वित्सच्या नाझी मृत्युछावणीत पाठवण्यात आले. हंगेरीच्या जेंदार्म या ग्रामीण सशस्त्र पोलिसांनी हे काम झपाट्याने उरकले. ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत सैन्य आले आणि नोव्हेंबरमध्ये १८ ते ५० वर्षांच्या मग्यार व जर्मन पुरुषांना ‘थोड्याशा कामासाठी’ म्हणून बोलावून सोय्वाच्या छावणीत नेले. तेथून अनेक जण परतले नाहीत. २९ जून १९४५ च्या तहाने चेकोस्लोव्हाकियाने हा मुलूख सोव्हिएत संघाला दिला आणि २२ जानेवारी १९४६ रोजी तो युक्रेनचा एक प्रांत झाला. सरहद्दीवर काटेरी तारा आल्या. ज्या रुळांपायी बेरेगसास गेले होते, तेथे आता सोव्हिएत रुंद मापाचे रूळ पडले.

राजवटींची अदलाबदल मुन्काचच्या किल्ल्यावर नजरेत भरते. १८९६ मध्ये, मग्यारांच्या आगमनाच्या सहस्राब्दीनिमित्त, तेथे तुरुल या पौराणिक पक्ष्याचे स्मारक उभारले. चेकोस्लोव्हाक राजवटीत १९२० च्या दशकात ते पाडले. युक्रेन स्वतंत्र झाल्यावर, २००८ मध्ये, नवा तुरुल बसवला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तोही उतरवून युक्रेनचा त्रिशूळ लावला. बेरेगसासची जुनी न्यायालयाची इमारत मात्र शाबूत असून तेथे राकोत्सीच्या नावाची मग्यार उच्चशिक्षण संस्था चालते. गावातील मग्यार लोक घरचे घड्याळ आजही मध्य युरोपच्या वेळेला लावतात. सरकारी कचेरी आणि रेल्वे कीव्हच्या वेळेने चालते, एक तास पुढे. भेट ठरवताना ‘आपल्या वेळेने की कीव्हच्या?’ हे विचारून घ्यावे लागते. मॉस्कोची वेळ होती तेव्हा हा फरक दोन तासांचा होता.

हंगेरीतील तुकडा १९४५ ते १९५० सात्मार-बेरेग परगण्यात होता. १९५० मध्ये तो न्यीरेजहाझा हे ठाणे असलेल्या साबोल्च-सात्मारमध्ये गेला आणि बेरेगचे नाव पुसले गेले. १९९० मध्ये ते साबोल्च-सात्मार-बेरेग या नावात परत आले. युक्रेनकडील बाजूस २०२० च्या तालुका-पुनर्रचनेत डोंगराळ भाग मुख्यतः मुकाचेवोकडे गेला, इर्शावा परिसर खुस्तला जोडला गेला आणि बेरेहोवेच्या तालुक्यात जुन्या उगोचाचा विनोह्रादिव परिसर आला. बेरेगसासखाली उगोचाला जोडण्याचा हा प्रयोग १९३८ मध्ये हंगेरीनेही केला होता.