पोत्यावरचं 'आरई' आणि बॅटरीतलं लिथियम: रेअर अर्थ वेगळं, क्रिटिकल मिनरल वेगळं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत ज्या फाउंड्रीत एसजी आयर्न (आतलं ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असलेलं चिवट ओतीव लोखंड) ओततात, तिथं ग्रॅफाइटला तो गोल आकार देणाऱ्या नोड्युलरायझरच्या पोत्यावर मॅग्नेशियमच्या खाली बहुतेक वेळा 'आरई' ही दोन अक्षरं असतात. आरई म्हणजे रेअर अर्थ. चीनने एप्रिल २०२५ मध्ये सात रेअर अर्थच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, तेव्हा भट्टीवरच्या एका जुन्या मिस्त्रींनी मला विचारलं, "सर, आता आपली पोती यायची थांबणार काय? आणि बॅटरीचं लिथियमपण त्यातच अडकलंय म्हणत्यात."

प्रश्न रास्त होता. बातम्यांतही लिथियम, कोबाल्ट, निओडिमियम ही सगळी एकाच 'दुर्मिळ खनिजां'च्या गाठोड्यात बांधलेली असतात. पण पोत्यातलं आरई म्हणजे मुख्यतः सीरियम, ते त्या सातांत नव्हतं, आणि लिथियम तर रेअर अर्थच नाही.

रेअर अर्थ हे रसायनशास्त्रातलं एक कुटुंब आहे. लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची १५ मूलद्रव्यं, शिवाय स्कँडियम आणि यट्रियम, एकूण १७. नाव मात्र फसवं आहे. 'अर्थ' हा ऑक्साइडसाठीचा जुना शब्द. स्वीडनमधल्या इटरबी गावच्या खाणीत १७८७ साली सापडलेल्या काळ्या दगडापासून ही ओळख सुरू झाली. आणि 'रेअर' म्हणावं, तर सीरियम पृथ्वीच्या कवचात जवळपास तांब्याइतकंच आहे. खरी अडचण ही मूलद्रव्यं एकमेकांपासून सोडवण्यात आहे. ती इतकी सारखी वागतात की वेगळी करायला द्रावणाच्या शेकडो पायऱ्या लागतात. आपल्याकडं केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट हे रेअर अर्थचं खनिज आहे, पण त्यात किरणोत्सारी थोरियम असल्यानं ते अणुऊर्जा खात्याच्या कक्षेत येतं. जगातलं बहुतेक शुद्धीकरण चीनमध्ये होतं ते या सोडवणुकीमुळं.

क्रिटिकल मिनरल ही मात्र यादी आहे, आणि ती सरकार करतं. वस्तू अर्थव्यवस्थेला किती लागते आणि तिचा पुरवठा तुटण्याचा धोका किती, या दोन कसोट्यांवर ती ठरते. भारताच्या खाण मंत्रालयानं २८ जून २०२३ ला ३० खनिजांची यादी जाहीर केली. त्यात लिथियम, कोबाल्ट, निकेल, ग्रॅफाइट, तांबं आहे. अख्खं रेअर अर्थ कुटुंब तिथं एका ओळीत बसतं. पोटॅशही आहे! आपल्या उसाला टाकतो तेच, कारण ते आपण आयात करतो. उलट शाहूवाडी-राधानगरीकडच्या सड्यांवरचं बॉक्साइट त्या यादीत नाही, पण युरोपीय संघाच्या २०२३ च्या यादीत बॉक्साइट आहे. म्हणजे एकच दगड इकडं साधा आणि तिकडं क्रिटिकल. सीरियम रेअर अर्थ आहे की नाही, हा प्रश्न असा देशागणिक बदलत नाही.

थोडक्यात, प्रत्येक रेअर अर्थ आपल्या यादीमुळं क्रिटिकल ठरतं, पण क्रिटिकल यादीतलं बहुतेक काही रेअर अर्थ नसतं.

वजनं पाहिली की हे पक्कं डोक्यात बसतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२१ च्या अहवालात पोलाद आणि ॲल्युमिनियम सोडून एका इलेक्ट्रिक कारला २०० किलोंहून थोडी जास्त खनिजं धरली आहेत, पेट्रोल-डिझेल गाडीच्या सहापट. त्यात ग्रॅफाइट सुमारे ६६ किलो, तांबं ५३, निकेल ४०, लिथियम ९ च्या आसपास. रेअर अर्थ फक्त अर्धा किलो.

आता आपल्या भट्टीचा हिशेब करा. ५०० किलोच्या लेडलला (वितळलेलं लोखंड ओतायच्या भांड्याला) सात-साडेसात किलो नोड्युलरायझर, त्यात आरई एक टक्का धरलं तर ७०-७५ ग्रॅम. सात लेडल ओतली की एका इलेक्ट्रिक कारइतकं रेअर अर्थ गेलं! पण हे बहुतांशी सीरियम आणि लँथॅनम. खनिजात हेच भरपूर निघतं आणि त्याला मागणी तुलनेनं कमी. मोटरच्या चुंबकाला निओडिमियम लागतं, आणि उष्णता सोसण्यासाठी डिस्प्रोसियम किंवा टर्बियम. एप्रिलच्या यादीत हे शेवटचे दोन होते. निओडिमियम नव्हतं, तरी त्या दोघांमुळं तयार चुंबकं अडकली आणि आपल्या वाहन कंपन्यांची धावपळ झाली.

लिथियम-आयन बॅटरीत रेअर अर्थ मुळात लागत नाही. घोटाळ्याचं एक कारण मला वाटतं ते असं, की जुन्या हायब्रिड गाड्यांच्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीत लँथॅनम असायचं.

हा शब्दांचा कीस नाही, कारण उपाय वेगवेगळे आहेत. लिथियमसाठी खाण हवी. म्हणून 'काबिल' या सरकारी कंपनीनं जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात पाच ब्लॉकचा करार केला. बॅटरी एलएफपीची (लिथियम-लोह-फॉस्फेटची) केली तर निकेल-कोबाल्ट सुटतं, लिथियम सुटत नाही. चुंबकाचं उलटं आहे. इंडक्शन किंवा फेराइट चुंबकाची मोटर बसवली तर रेअर अर्थ पूर्ण टाळता येतं, मोटर थोडी जड होते एवढंच. यंत्र बनवणाऱ्या गावानं या दुसऱ्या वाटेकडं जास्त लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं. मोटरची बॉडी ओतणं आणि ती मशीन करणं आपल्याला येतं.

मिस्त्रींना मी पवनचक्कीचं उदाहरण दिलं. तिचा मधला मोठा हब एसजी आयर्नचाच असतो. इतक्या जाड कास्टिंगमध्ये आरई जास्त झालं तर आतलं ग्रॅफाइट बिघडतं, म्हणून तिथं ते हात राखून घालतात. त्याच हबच्या मागं, गिअरबॉक्स नसलेल्या बऱ्याच प्रकारांत, जनरेटरमध्ये शेकडो किलो निओडिमियम चुंबक बसलेलं असतं.