विमानातील घड्याळ आणि टायमर: ‘किती वाजले’ आणि ‘किती वेळ झाला’

विमानाच्या इंजिनावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे इंजिन मॉनिटरच्या, पडद्याच्या कोपऱ्यात ‘०२:१५’ असे आकडे दिसत असतील, तर त्यांचे किमान चार अर्थ संभवतात. जागतिक प्रमाणवेळेनुसार, म्हणजे यूटीसीनुसार, सव्वादोन वाजले असतील आणि आपल्याकडे सकाळचे पावणेआठ झाले असतील. टायमर सुरू करून दोन मिनिटे पंधरा सेकंद झाली असतील. उड्डाण सुरू होऊन दोन तास पंधरा मिनिटे लोटली असतील. किंवा सध्याच्या खर्चाने उरलेले इंधन आणखी सव्वादोन तास पुरेल, असे यंत्र सांगत असेल. आकड्यांची ठेवण चारही ठिकाणी सारखीच असते. फरक असतो तो त्यांच्याशेजारी बारीक अक्षरांत उमटणाऱ्या खुणेत. नवशिके वैमानिक आकडे वाचतात आणि ती खूण वाचायची राहून जाते, हे मी शिकवताना अनेकदा पाहिले आहे.

मराठीत ‘वेळ’ हा एकच शब्द दोन्हींसाठी चालतो, पण प्रश्न मात्र आपण वेगवेगळे विचारतो: ‘किती वाजले?’ आणि ‘किती वेळ झाला?’ लग्नघरात मुहूर्त पंचांगातून येई आणि तो गाठण्यासाठी पाण्यावर घटिकापात्र सोडले जाई. तळाला बारीक छिद्र असलेले ते वाटीसारखे भांडे चोवीस मिनिटांत भरून बुडे. मुहूर्त हा काळातला एक बिंदू आणि घटिका ही काळाची लांबी. कॉकपिटमधले घड्याळ पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते आणि टायमर दुसऱ्या. दोन्ही एकाच पडद्यावर, बहुधा दोनच बटणांवर चालत असल्यामुळे गल्लत होते.

आधी घड्याळ पाहू. विमानवाहतुकीचा सगळा व्यवहार यूटीसीमध्ये चालतो आणि बोलताना तिला ‘झुलू’ म्हणतात. हवामानाच्या ‘मेटार’ अहवालात ‘१२००३०झेड’ असा गट आला, तर तो अहवाल १२ तारखेचा आणि शून्य वाजून तीस मिनिटांचा, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेने सकाळी सहाचा असतो. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे आणि त्यातला अर्धा तासच त्रासदायक ठरतो. सेस्ना १७२ जातीच्या अनेक विमानांत बसवलेल्या एका डिजिटल घड्याळात यूटीसीचे तास आणि मिनिटे दोन्ही लावता येतात, परंतु स्थानिक वेळ लावताना फक्त तास बदलतात; मिनिटे यूटीसीला बांधलेली असतात. अशा घड्याळात भारतीय वेळ बरोबर दाखवायची तर यूटीसीच अर्ध्या तासाने चुकीची लावावी लागेल. ते करू नये. घड्याळ यूटीसीवर ठेवावे आणि घरची वेळ हवी असेल तर मनगटावर पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

यूटीसीबरोबर तारीखही येते. आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजेपर्यंत यूटीसीची तारीख कालचीच असते. सूर्योदयानंतर उडणाऱ्या प्रशिक्षणार्थ्याला याची झळ क्वचितच लागते, पण रात्रीच्या विमानफेऱ्यांच्या नोंदींत हा फरक पदोपदी येतो.

इंजिन मॉनिटरमधील घड्याळाचे आणखी एक काम आहे आणि ते कॉकपिटमध्ये बसून दिसत नाही. हे यंत्र प्रत्येक सिलिंडरच्या हेडचे आणि एक्झॉस्टचे तापमान, इंधनाचा प्रवाह, तेलाचा दाब आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) यांची दर काही सेकंदांनी नोंद ठेवत असते आणि प्रत्येक नोंदीवर घड्याळाचा शिक्का बसतो. समजा, चढाई करताना तिसऱ्या सिलिंडरचे तापमान अचानक वाढले आणि वैमानिकाने गुडघ्यावरच्या पॅडवर ‘०२:१५, इंजिन थोडे खडखडले’ असे लिहून ठेवले. जमिनीवर मेकॅनिक ती फाइल उघडतो. मॉनिटरचे घड्याळ वीस मिनिटे मागे असेल, तर त्याला ०२:१५ या वेळेसमोर क्रूझमधले, म्हणजे चढाई संपल्यावरच्या सरळ उड्डाणातले, शांत, सरळ आलेख दिसतील आणि तो म्हणेल, ‘इथे तर काहीच नाही.’ टायमर चुकला तर एका उड्डाणाचा हिशेब बिघडतो. घड्याळ चुकले तर साठवलेल्या सगळ्या नोंदींचा संदर्भ बिघडतो. म्हणूनच, जीपीएसकडून वेळ घेण्याची सोय असेल तर ती चालू ठेवावी आणि नसेल तर इंजिन सुरू करण्यापूर्वी घड्याळ ताडून पाहावे.

टायमरला मात्र आता किती वाजले आहेत याच्याशी कर्तव्य नसते. तो शून्यापासून वर मोजतो किंवा लावलेल्या आकड्यापासून खाली येतो. वर मोजणारा टायमर दिशा आणि अंतर यांच्या कामाचा आहे. जमिनीवरचा वेग ९० नॉट असेल, तर मिनिटाला दीड सागरी मैल कापले जातात. पुढची खूण बारा मैलांवर असेल, तर मागच्या खुणेवरून जाताना टायमर सुरू करावा आणि आठव्या मिनिटाला खिडकीबाहेर नदीचा पूल किंवा रेल्वेचा फाटा शोधावा. होल्डिंग पॅटर्नमध्ये, म्हणजे वाट पाहताना एकाच जागी लंबगोल फेऱ्या मारताना, १४,००० फुटांपर्यंत बाहेर जाणारा टप्पा एक मिनिटाचा आणि त्याच्या वर दीड मिनिटाचा असतो. तिथे सेकंदही महत्त्वाचे ठरतात. उपकरणांच्या आधारे उडायचे असेल तर विमानातील घड्याळाने तास आणि मिनिटांबरोबर सेकंदही दाखवले पाहिजेत, अशी अट अमेरिकेच्या नियमांत आहे, ती याच कारणाने.

खाली येणारा टायमर आठवण करून देण्यासाठी असतो आणि त्याचा सर्वांत चांगला उपयोग इंधनाच्या टाकीसाठी होतो. पायपर पीए-२८ जातीच्या विमानांत टाकी निवडण्याच्या सिलेक्टरवर ‘डावी’ किंवा ‘उजवी’ एवढेच पर्याय असतात, ‘दोन्ही’ नाही. इंजिन तासाला साधारण ३४ लिटर इंधन पीत असेल, तर अर्ध्या तासात एका पंखातून १७ लिटर, म्हणजे सुमारे १२ किलो वजन कमी होते आणि विमान हळूहळू दुसऱ्या बाजूला कलू लागते. हाताला तो कल जाणवतो. तीस मिनिटांचा टायमर लावला की यंत्र वेळेवर टोकते. मात्र तो एकदाच वाजणारा आहे की पुन्हा आपोआप तीसवरून सुरू होणारा, हे आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत आधी पाहून ठेवले पाहिजे. पहिल्यांदा वाजला म्हणून दुसऱ्यांदाही वाजेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे, कारण टाकी कोरडी पडल्यावर टोकणारे इंजिनच असते.

आता बटणांकडे वळू. वर सांगितलेल्या सेस्नातील घड्याळाला ‘सिलेक्ट’ आणि ‘कंट्रोल’ अशी दोन बटणे असतात. ‘सिलेक्ट’ने यूटीसी, स्थानिक वेळ, उड्डाणाचा अवधी आणि टायमर असे पर्याय एकापाठोपाठ पुढे सरकतात. टायमर समोर असताना ‘कंट्रोल’ दाबले की मोजणी सुरू होते. पुन्हा दाबले की ती थांबत नाही, थेट शून्यावर जाते. एकोणसाठ मिनिटे एकोणसाठ सेकंदांनंतर तेच आकडे मिनिट-सेकंद सोडून तास-मिनिट दाखवू लागतात. दोन्ही बटणे एकत्र दाबली की वेळ लावण्याची क्रिया सुरू होते आणि पहिला आकडा लुकलुकू लागतो.

एका सकाळी होल्डिंगचा सराव करताना माझ्या विद्यार्थ्याने बाहेरच्या टप्प्यावर टायमर सुरू केला आणि पस्तिसाव्या सेकंदाला एटीसीचा, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाचा, संदेश आल्यावर ‘जरा थांबवू’ म्हणून तेच बटण पुन्हा दाबले. आकडे शून्य झाले. तो गोंधळून म्हणाला, ‘सर, थांबवायला गेलो आणि गेलंच सगळं.’ मी त्याला सांगितले, ‘अरे, विमान थांबत नाही, मग टायमर कशाला थांबवायचा? सिलेक्ट दाब, झुलू बघ, लिही आणि परत ये; टायमर पडद्याआड मोजतच राहतो.’ त्या दिवसापासून टप्पा सुरू होताना तो टायमर तर लावतोच, पण यूटीसीचे मिनिटही पॅडवर लिहितो. टायमर हातून पुसला गेला तरी लिहिलेली घड्याळाची वेळ उरते आणि वजाबाकीने अवधी परत काढता येतो. याच्या उलट मात्र होत नाही: नुसत्या अवधीवरून किती वाजले होते ते कळत नाही.

उड्डाणाचा अवधी दाखवणारा टायमर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतो, कारण तो वैमानिकाने नव्हे, तर एखाद्या स्विचने सुरू होतो. तेलाचा दाब आला की सुरू होणारा टायमर जमिनीवरचे उभे राहणेही मोजतो. हवेच्या वेगावर चालणारा टायमर टॅक्सी, म्हणजे विमानाचे जमिनीवरून चालणे, सोडून देतो. वैमानिकाच्या लॉगबुकातील वेळ मात्र विमान उड्डाणासाठी हलल्यापासून परत येऊन थांबेपर्यंतची असते आणि ती घड्याळावरून काढली जाते: ०१:४२ला निघालो, ०२:५७ला थांबलो, म्हणून एक तास पंधरा मिनिटे. त्याच उड्डाणासाठी यंत्राने १:०२ दाखवले तर ते बिघडलेले नसते. ते वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देत असते. जुन्या यांत्रिक टॅकोमीटरमधले, म्हणजे आरपीएम दाखवणाऱ्या तबकडीतले, तास तर आरपीएमच्या प्रमाणात पुढे सरकतात; आयडलवर, म्हणजे इंजिन अगदी मंद चालताना, ते रेंगाळतात आणि ठरावीक क्रूझ आरपीएमवरच खऱ्या तासाशी जुळतात. हे आकडे सहसा दशांशात असतात, त्यामुळे १.३ तास म्हणजे एक तास तीस मिनिटे नव्हेत, तर एक तास अठरा मिनिटे होत. लॉगबुकात व्यावसायिक परवान्यासाठीचे २०० तास जुळवणाऱ्या विद्यार्थ्याने अशी बारा-बारा मिनिटे चुकून वाढवत नेली, तर तपासणीच्या वेळी सगळी पाने पुन्हा मोजावी लागतात.

राहिला उरलेल्या इंधनाचा अवधी. तो खाली येत जातो म्हणून टायमरसारखा वाटतो, पण तो काळ मोजत नाही. उड्डाणापूर्वी वैमानिकाने जितके इंधन भरल्याचे यंत्राला सांगितले, त्यातून खर्च झालेले वजा करून उरलेल्याला सध्याच्या प्रवाहाने भागले की तो आकडा मिळतो. हवा-इंधनाचे मिश्रण पातळ केले, म्हणजे त्यातले इंधन कमी केले, की तो वाढतो; शक्ती वाढवायला थ्रॉटल पुढे ढकलला की घटतो. टाकीत प्रत्यक्ष किती आहे हे त्याला ठाऊक नसते. टाकीचे झाकण सैल राहून इंधन उडून जात असले, तरी तो निर्धास्तपणे ‘०२:१५’ दाखवत राहील. म्हणून उड्डाणापूर्वी टाकीत पट्टी बुडवून पाहिलेले माप आणि टायमरवरचा गेलेला काळ, या दोन्हींशी तो आकडा दर अर्ध्या तासाने ताडून पाहावा.

विमान जागेवर येऊन थांबले की प्रथम घड्याळावरची यूटीसी लिहावी, मग उड्डाणाचा अवधी आणि मीटरचे तास, आणि त्यानंतरच विमानाची वीज तोडणारा मास्टर स्विच बंद करावा. घड्याळाला बहुधा स्वतःची छोटी बॅटरी असते, ते पुढेही चालत राहते. टायमरचे आकडे मात्र अनेक यंत्रांत पडद्याबरोबरच जातात.